मागची डावी सीट

आप्पांच्या सहा बरगड्या ज्या पट्ट्याने मोडल्या, त्या पट्ट्याचं डोकं मी लिहिलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई स्वतःला वाचवून बोलतेय.

आप्पा म्हणजे माझे वडील, जिनगोंडा मगदूम. वय एकोणऐंशी, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन, मुक्काम सांगली. भरतेश माझा धाकटा भाऊ आणि वैजयंता त्याची बायको. आप्पा त्यांच्याकडे राहतात. मी सन्मती. मी लग्नबिग्न केलं नाही, चाकणला गाडीतल्या सीटच्या पट्ट्यांच्या कंपनीत वीस वर्षं घातली आणि त्याचा मला माजही होता. आमचा पट्टा लावलेल्या गाडीत माणूस मरत नाही, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरायचे. भरतेशने गाडी घेतली तीसुद्धा माझ्या पट्ट्याकडे बघूनच.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, संध्याकाळी साडेपाचला वैजयंताचा फोन आला.

"अक्का, बाहुबलीहून दर्शन करून येत होतो. वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. आम्ही दोघं बरे आहोत. आप्पांना श्वास घेता येईना झालाय."

"पट्टा लावला होता?"

बापाचं कसं आहे हे न विचारता मी आधी हे विचारलं. सवय, दुसरं काय.

"लावला होता की. मीच लावला, गोधडी आत घालून. त्यांच्या मानेला काचतो ना तो."

दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं म्हणून भरतेश घाईत होता. आमच्या घरात सूर्य बुडाल्यावर आप्पा अन्नाला हात लावत नाहीत, हे सगळं घर सांभाळतं. पण तो काही सुसाट नव्हता. गाडीने स्वतःच ब्रेक लावले होते, ट्रॉलीला लागली तेव्हा वेग जेमतेम चाळीस. एवढ्यावर आमच्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसाला फार तर खरचटतं. मला खात्री होती की भरतेशने काहीतरी घोळ घातलाय. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी गाडीत बसून त्याला शिव्याच घालत होते.

पट्ट्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जुना पट्टा सगळ्यांना एका मापाने धरायचा. धक्का बसला की तो अडकतो, आणि छातीवर ठरावीक जोर आला की थोडा सैल सुटतो. हे सुटणंच महत्त्वाचं. पुढे फेकल्या जाणाऱ्या छातीला पट्टा भिंतीसारखा आडवा आला तर हाडं मोडतात, सोडत सोडत धरलं तर माणूस वाचतो. आता पंचविशीतल्या पोराच्या बरगड्या जे सोसतात ते ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या सोसत नाहीत. म्हणून आम्ही पट्ट्याच्या विणीत वीज वाहणारे बारीक धागे घातले. छाती फुगली की धागा ताणला जातो, विजेत फरक पडतो आणि पट्ट्याला श्वास कळतो. श्वासावरून आणि सीटवरच्या वजनावरून तो वयाचा, हाडांचा अंदाज बांधतो आणि किती सुटायचं ते आधीच ठरवून ठेवतो. जाहिरातवाल्यांनी त्याला नाव दिलं 'जाणता पट्टा'.

पण आपल्याकडे मागच्या सीटवर माणसंच बसतात असं कुठंय. गॅसचा सिलिंडर, तांदळाचं पोतं, गिरणीतून आणलेला पिठाचा डबा, सगळं तिथेच. आणि लोक शहाणे, त्यालाही पट्टा बांधतात. पहिल्या वर्षी पट्ट्याने एका सिलिंडरला माणूस समजून प्रेमाने सैल सोडलं, आणि तो पुढच्याच्या पाठीत बसला. तेव्हापासून सामानाचा नियम आला. सामान असेल तर पट्टा करकचून आवळतो आणि दोराभरही सुटत नाही.

मग माणूस कुठला आणि सामान कुठलं, हे ओळखायचं कसं? एक पुरावा श्वासाचा. पण रस्ते आपले असे, त्यात कुणी शाल पांघरतं, कुणी उशी घालतं, श्वास कळत नाही. म्हणून दुसरा पुरावा आवाजाचा. कुठल्या सीटवरून कोण बोलतंय हे गाडीला बरोबर समजतं. दोन्ही पुरावे बरेच दिवस मिळाले नाहीत, तर गाडी तोंडाने विचारते, 'अमुक सीटवर सामान आहे का?' एकदा होय आलं, की कुणी पुसेपर्यंत ती सीट सामानाचीच. चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून उत्तर गाडीतल्या कुणीही द्यावं.

हे शेवटचं वाक्य माझं. घरातल्या कुणीही होय म्हटलं तरी चालेल, कारण घरचे लोक एकमेकांवर लक्ष ठेवूनच असतात, असं मी सहा बैठकांत ठासून सांगितलं होतं.

दवाखान्यात आप्पा अतिदक्षता विभागात होते. तोंडात नळी, छातीवर पट्ट्याचा काळानिळा तिरका वळ. सहा बरगड्या मोडल्या होत्या आणि त्यातली एक फुप्फुसात घुसली होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. धडकेच्या चाचण्यांत हजारो पुतळे आपटून बघितले मी कारखान्यात, पण तो वळ आपल्या बापाच्या अंगावर बघणं वेगळं.

बाहेर भरतेश भिंतीला टेकून उभा होता.

"काय दाबलंस तू गाडीत?" मी सरळच विचारलं. "पट्टा सुटलेलाच नाही. सामान असल्यासारखा अडकून बसलाय."

"काहीही दाबलं नाही अक्का. आईशप्पत."

"मग आप्पांना विचारलंस का कधी, पट्टा जास्त आवळतोय का म्हणून?"

तो खाली बघायला लागला. माझ्याही लक्षात आलं, की आपण काय विचारतोय.

बापलेकांत जूनपासून अबोला होता. कारण म्हटलं तर क्षुल्लक. आप्पांची तीस वर्षांची स्कूटर भरतेशने भंगारात दिली. आप्पा दोनदा पडले होते, आता चालवायची नाही हे सगळ्यांना मान्य होतं, आप्पांनाही. पण दिली ती न विचारता, ते दुपारी झोपले असताना. तिथून बोलणं बंद. 'सांग तुझ्या नवऱ्याला, गरम पाण्याचा नळ गळतोय.' 'आप्पांना विचार, दवाखान्यात कधी जायचं.' मध्ये वैजयंता टपाल्यासारखी. घरात ती होती म्हणून आप्पांचा आवाज तरी निघायचा. गाडीत भरतेश समोर, म्हणून तिथे ते ओठ शिवून बसायचे. अबोला धरला की तो चोख पाळायचा, हा आमच्या घराण्याचा गुण. आमच्या आजीने सख्ख्या जावेशी अकरा वर्षं पाळला होता आणि रोज तिच्याच हातचं जेवत होती.

म्हणजे गोधडीमुळे श्वास नाही आणि अबोल्यामुळे आवाज नाही. गाडीने विचारलं असणार आणि भरतेशने न ऐकताच होय म्हटलं असणार, असं मी मनात धरूनच चाकणला परतले. गाडी त्याची, म्हणून नोंदी उघडायला त्याची लेखी परवानगी घेतली. देताना तो म्हणाला, "माझी चूक निघाली तर मला आधी सांग." त्याचा चेहरा बघवत नव्हता.

बुधवारी दुपारी मी आणि तुंगारे असे दोघं नोंदी ऐकायला बसलो. तुंगारे आमचे विभागप्रमुख, माणूस मोजूनमापून बोलणारा. सांगलीहून आलेल्या नोंदीत स्पष्ट होतं, की मागची डावी सीट गेल्या तेवीस फेऱ्या 'सामान' म्हणून धावत होती. तेवीस वेळा ते एकोणसाठ किलो सामान स्वतः दार उघडून चढलं होतं आणि स्वतः उतरलं होतं. सामान स्वतः उतरतं का, हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत कुणाला पडला नव्हता. मलाही नाही.

"उत्तर दिलंय कुणीतरी," तुंगारे म्हणाले. "ऐकू या?"

आधी गाडीचा गोड आवाज. "मागच्या डाव्या सीटवर सामान आहे का?"

मग दुसरा आवाज, खरखरीत, ओळखीचा.

"होय. सामानच आहे." थोडं थांबून, "न्या, कुठं टाकायचं तिथं टाका."

आप्पा. मागच्या डाव्या सीटवरून स्वतः आप्पाच.

गाडीला आवाज कुठून आला ते समजलं होतं, नोंदीत सीटचा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. सामान कधी बोलत नाही, एवढं साधं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. होय आलं ना, मग झालं. उत्तराचा कागद एका खिडकीवर आणि आवाजाचा कागद दुसऱ्या खिडकीवर, आणि दोन्ही खिडक्यांची रचना माझी. म्हाताऱ्याने टोमणा मारला आणि यंत्राने तो जसाच्या तसा दप्तरी लावला.

"पुढे आहे अजून," तुंगारे म्हणाले.

"ठीक आहे. डाव्या सीटवर सामान धरत आहे. चूक असल्यास सांगा."

यानंतर गाडी दहा सेकंद थांबते. तेही मीच ठरवलेलं, कारण दहा सेकंदांत कुणीही शहाणा माणूस चूक दुरुस्त करतो. आम्ही ते दहा सेकंद ऐकले. दिशा दाखवणाऱ्या दिव्याची टिकटिक, बांगड्यांचा आवाज. कुणी बोललं नाही. आणि चौथ्या सेकंदाला कुणीतरी हसलं. बाईचं हसू, नाकातल्या नाकात.

"हे पुढच्या डाव्या सीटवरून आहे," तुंगारे पडद्याकडे बघत म्हणाले. "पुढे कोण होतं?"

मी तेव्हा कुठे तारीख वाचली. सात नोव्हेंबर, भाऊबीज.

"मी," मी म्हटलं.

भाऊबीजेला मी सांगलीला गेले होते. आम्ही चौघं बाहुबलीला दर्शनाला निघालो होतो, मी पुढे बसले होते. आप्पांचा तो टोमणा मला इतका ठेवणीतला वाटला, की हसू आलं. अजूनही धार आहे म्हाताऱ्याला, असं काहीतरी मनात आलं असेल. 'सामान धरत आहे' हे शब्द माझ्या हाताने लिहिलेले. त्यांचा अर्थ काय, धक्का बसला तर पुढे काय होतं, हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. मी हसले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवसानंतर ते वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं.

तुंगाऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग एक कागद पुढे केला. अपघाताचं कारण म्हणून त्यावर एकच ओळ होती, 'वापरकर्त्याने सामान असल्याची पुष्टी दिली.' खाली माझ्या सहीची जागा.

"खोटं काहीच नाही यात," ते म्हणाले.

"खोटं नाही," मी म्हटलं. "पण ही सही झाली की विषय संपला. नियम तसाच राहणार आणि लाखभर गाड्या तशाच पळणार."

"एका घरातल्या टोमण्यासाठी लाख गाड्या थांबवायच्या? असं कोण बोलतं मॅडम? हा एखादाच प्रकार असणार."

मलाही आतून तेच हवं होतं. आपलंच घर चमत्कारिक, एवढं निघालं असतं तर मी सुखाने सही केली असती. मी कागद पर्समध्ये घातला आणि पुन्हा मिरजेला निघाले.

भरतेशला मी दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. माझं हसूही सांगितलं. मला वाटलं होतं, तो माझ्यावर भडकेल. भडकला असता तर बरं झालं असतं.

"मी ऐकलं होतं अक्का," तो म्हणाला. "जिभेवर आलं होतं, तसं काय बोलताय आप्पा म्हणून. पण मी बोललो असतो तर अबोला मी मोडला असं झालं असतं."

"आणि वैजू?"

"ती म्हणते, तिला वाटलं मी बोलेन."

गुरुवारी सकाळी आप्पांची नळी काढली. जीव वाचला होता. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर वैजयंता तिथेच खाली बसली आणि रडली. दुपारी आम्हाला आत सोडलं. आप्पांचा आवाज पार बसला होता, कान जवळ न्यावा लागत होता. मी त्यांचा हात धरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की पट्टा कसा फसला, नियम कुणाचा होता, आणि गाडीने काय ऐकलं.

त्यांनी छताकडे बघितलं.

"म्हटलं होतं खरं," ते म्हणाले. "कुणीतरी नाही म्हणेल, असं वाटलं होतं."

मला हुंदका आवरला नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आसपासचे पेशंट बघत होते. भरतेश पलंगाच्या पायाशी उभा होता. त्याने घसा साफ केला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा थेट बोलला.

"आप्पा, पाणी देऊ?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझा हात मात्र सोडला.

"सन्मती," ते म्हणाले, "त्याला सांग, दे म्हणावं."

मी बाहेर आले, दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि आमच्या सगळ्या गाड्यांच्या नोंदींना एकच प्रश्न टाकला. बोलणं ऐकायची गरज नव्हती, मालकाच्या परवानगीशिवाय ते आम्हाला ऐकताही येत नाही. पण सीटचा आकडा असतो. ज्या सीटला सामान ठरवलं, त्याच सीटवरून 'होय' आलेलं आहे का, एवढंच विचारलं. एक उत्तर मला माहीत होतं. आणखी दोन-चार निघतील असं वाटत होतं.

दोन हजार एकशे चौदा आली.

मी प्रश्न तपासला, पुन्हा टाकला. आकडा हलला नाही. शेजारी वजनांचा रकाना होता. एकेचाळीस किलो, अडतीस, बावन्न, सत्तेचाळीस. सगळी वजनं स्वतः चढणारी आणि स्वतः उतरणारी. गावोगावी, कुठल्या कुठल्या गाड्यांत, इतक्या जणांनी मागे बसून सांगितलं होतं, की होय, सामानच आहे. आणि गाडीने दहा सेकंद वाट बघितली होती. आमचं घर चमत्कारिक नव्हतं.

मी तुंगाऱ्यांना फोन लावून आकडा सांगितला.

"तो कागद फाडून टाका," ते म्हणाले. "दुसरा लिहा. नियम चुकीचा होता, असं स्वच्छ लिहा. तोवर मी सगळ्या सीटवरचं सामान पुसायला सांगतो."

पुसणं सोपं होतं, पण फक्त उभ्या गाड्यांमध्ये. चालत्या गाडीच्या पट्ट्याला दुरून हात लावायचा नाही हा नियमही माझाच, आणि तो एक तेवढा शहाणपणाचा होता. पाच मिनिटांत दोन हजारांवर सीट मोकळ्या झाल्या. सत्तावन्न गाड्या त्या घडीला रस्त्यावर होत्या. त्यांना फोन करून थांबवण्यावाचून इलाज नव्हता. कारखान्यातून सहा जण बसले, आठ नंबर मी घेतले.

पहिली गाडी कराडच्या पुढे महामार्गावर होती, वेग ब्याण्णव. मागच्या उजव्या सीटवर त्रेचाळीस किलो. फोन एका बाईने उचलला. आवाज तरतरीत होता, मागून कुणीतरी पुरुष कोणाचा फोन म्हणून विचारत होता.

"तुमच्या गाडीच्या पट्ट्याच्या कंपनीतून बोलतेय," मी म्हटलं. "घाबरू नका, पण गाडी हळू करून कडेला घ्यायला सांगा. मागच्या पट्ट्यात दोष आहे. मागे कोण बसलंय तेवढं सांगता का?"

"मागे होय?" ती म्हणाली. "मागे कोणी नाही हो. सासूबाई आहेत फक्त."